परळने विचारलेले साधे प्रश्न

२००६ सालच्या मार्च महिन्यात सोलापुरातल्या एका सर्जनच्या केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो होतो. थोरला भाऊ, वहिनी आणि मी. दादा यंत्रमाग कारखान्यात जॉबर होता. तीस वर्षं तळहातावर तंबाखू-चुना मळलेला माणूस. त्याच्या जिभेच्या डाव्या कडेला व्रण झाला होता आणि बायॉप्सीचा रिपोर्ट आला होता. कर्करोग होता, पण लवकर सापडला होता. मान चाचपून काही हाताला लागत नव्हतं, सोनोग्राफीतही काही दिसलं नव्हतं.

डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, "सर, जिभेचा तेवढा भाग काढायचा, यात शंका नाही. प्रश्न मानेचा आहे. मानेतल्या गाठी आत्ताच काढून टाकायच्या, की थांबून लक्ष ठेवायचं? याबद्दल आमच्यातच दोन मतं आहेत. तुम्हाला काय वाटतं?"

ते मला 'सर' म्हणत, कारण मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होतो. दादा आणि वहिनी दोघंही माझ्याकडे बघू लागले. घरातला शिकलेला मीच. मी विचारलं, "मानेचं ऑपरेशन केलं तर त्रास काय?" डॉक्टरांनी सांगितलं, की ऑपरेशन लांबतं, खर्च वाढतो, काही जणांचा खांदा पुढे कमजोर राहतो. मागावर काम करणाऱ्या माणसाचा खांदा! मी म्हटलं, "मग आत्ता नको. थांबून बघू."

अकरा महिन्यांनी दादाच्या मानेत सुपारीएवढी गाठ आली. पुन्हा ऑपरेशन, मग मुंबईला रेडिएशन, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम, वहिनीच्या पाटल्या गहाण. २००८च्या गणपतीनंतर दादा गेला.

हा लेख दादाविषयी नाही. पण कर्करोगावरच्या संशोधनाकडे मी ज्या नजरेने बघतो, ती त्या केबिनमध्ये तयार झाली, म्हणून हे आधी सांगितलं.

चिठ्ठी टाकून शोधलेलं उत्तर

आम्ही सोलापुरात अंदाजाने ठरवत होतो, तेव्हा हाच प्रश्न घेऊन मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये एक अभ्यास चालू होता, हे मला ठाऊक नव्हतं. तो २००४ साली सुरू झाला होता.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. तोंडातला कर्करोग पसरतो तो बहुधा मानेच्या वाटेने. मानेत लसिकाग्रंथी असतात. बोलताना आपण त्यांनाच गाठी म्हणतो. मूळ जागेवरून सुटलेल्या कर्करोगाच्या पेशी आधी तिथे अडकतात. सुरुवातीला त्या इतक्या थोड्या असतात, की बोटांना लागत नाहीत आणि तपासणीतही दिसत नाहीत. सगळ्यांच्याच मानेतल्या ग्रंथी काढल्या, तर ज्यांच्या ग्रंथी स्वच्छ होत्या त्यांना विनाकारण चिरलं असं होतं. थांबून पाहिलं, तर काहींच्या बाबतीत उशीर होतो. जगभरचे सर्जन या प्रश्नावर अनेक दशकं वाद घालत होते आणि प्रत्येकाकडे आपापल्या अनुभवाचे दाखले होते.

अनुभव इथे फसवतो. समजा, एखादा सर्जन धडधाकट रुग्णांचं मोठं ऑपरेशन करतो आणि अशक्त रुग्णांना थांबायला सांगतो. पाच वर्षांनी मोठं ऑपरेशन झालेले जास्त जगलेले दिसतील. पण ते ऑपरेशनमुळे जगले, की मुळात धडधाकट होते म्हणून, हे कसं कळणार? यावरचा उपाय म्हणजे रुग्णांची संमती घेऊन कोणाला कोणता उपचार द्यायचा ते नशिबावर सोडणं. गावच्या भिशीत चिठ्ठी काढतात तसंच. फक्त चिठ्ठी कॉम्प्युटर काढतो. शेकडो माणसं अशी वाटली गेली, की वय, ताकद, पैसा, स्वभाव सगळं दोन्ही गटांत सारखं विखुरतं. मग शेवटी जो फरक उरतो, तो उपचाराचा.

डॉ. अनिल डिक्रूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलं. एका गटाच्या मानेतल्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या. दुसऱ्या गटावर लक्ष ठेवलं आणि गाठ दिसली तरच मानेचं ऑपरेशन केलं. दहा वर्षांत ५९६ रुग्ण झाले. २०१४ मध्ये अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीने पहिल्या ५०० जणांचे आकडे पाहिले आणि सांगितलं, की आता थांबा, उत्तर मिळालं आहे.

तीन वर्षांनंतर पहिल्या गटात १०० पैकी ८० जण हयात होते, दुसऱ्या गटात ६७.५. रोग न उलटता जगणारे पहिल्या गटात ६९.५ टक्के होते, दुसऱ्यात ४५.९ टक्के. वरून स्वच्छ वाटणाऱ्या मानेतल्या ग्रंथी काढून तपासल्या, तेव्हा दहांपैकी साधारण तिघांच्या ग्रंथींमध्ये रोग आधीच पोहोचलेला होता. २०१५च्या मे महिन्यात हे निष्कर्ष शिकागोच्या जागतिक परिषदेत मांडले गेले, नंतर 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आले आणि अनेक देशांतल्या सर्जनांची पद्धत बदलली. यात नवं औषध नव्हतं, नवं यंत्रही नव्हतं. ऑपरेशन जुनंच होतं. ते केव्हा करायचं, एवढंच नवं कळलं.

मी ती बातमी वाचली आणि शिक्षकी सवयीने भागाकार केला. ८० वजा ६७.५ म्हणजे १२.५. म्हणजे दर आठ जणांचं मानेचं ऑपरेशन आधी केलं, तर त्यातला एक जीव वाचतो. बाकी सातांपैकी बहुतेक जण तसेही जगले असते आणि काही तसेही गेले असते. दादा त्या आठांतला तो एक होता का? हे कोणतंही गणित सांगू शकत नाही. वर्गात मी हे वाक्य मुलांना पंचवीस वर्षं शिकवलं होतं: सरासरी समूहाविषयी बोलते, एकट्या माणसाविषयी नाही. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

एक इंजेक्शन, एक शिशी व्हिनेगर

त्यानंतर परळमधून आणखी काय बाहेर येतं, याकडे मी लक्ष ठेवू लागलो. भारतात वर्षाला सुमारे १४ लाख माणसांना नव्याने कर्करोग होतो आणि ९ लाखांच्या आसपास दगावतात. इतक्या माणसांसाठी उपचार शोधायचा, तर त्याच्या किमतीचा विचार पहिल्या दिवसापासून करावा लागतो. तिथल्या अनेक अभ्यासांच्या मुळाशी हा विचार दिसतो.

स्तनाच्या कर्करोगाचं उदाहरण घ्या. ऑपरेशन करताना गाठीला हात लागतो, ती हलते, आजूबाजूच्या पेशींना धक्का बसतो. त्या धक्क्याने काही पेशी निसटून रक्तात जात असतील का? डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने असा तर्क केला, की पेशींच्या भिंतीवर सोडियमची ये-जा करणारी जी दारं असतात, ती काही मिनिटांसाठी बंद केली तर हे पसरणं कमी होईल. ही दारं बंद करणारं औषध प्रत्येक दंतवैद्याकडे असतं: लिडोकेन, दात काढताना हिरडी बधिर करायला टोचतात ते.

२०११ पासून देशातल्या अकरा केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर हा अभ्यास झाला. निम्म्या जणींना चिरा देण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती हे इंजेक्शन दिलं, उरलेल्यांना दिलं नाही. पाच वर्षांनंतर इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४. पुन्हा भागाकार केला, तर दर सत्तावीस जणींमागे एक जीव. तोंडाच्या कर्करोगात आठांमागे एक होता, त्या मानाने हे थोडं वाटेल. पण औषध अगदी किरकोळ किमतीचं आणि स्तनाच्या कर्करोगाची ऑपरेशनं मात्र लाखांनी. यावर शंकाही घेतल्या गेल्या. दुसऱ्या गटाला नुसत्या पाण्याचं इंजेक्शन का दिलं नाही, असं काहींनी विचारलं. इतर देशांत असाच अभ्यास पुन्हा व्हायला हवा, असंही म्हटलं गेलं. ते रास्त आहे. एकाने मिळवलेलं उत्तर दुसऱ्यालाही मिळालं पाहिजे, हा विज्ञानाचा नियमच आहे.

दुसरं उदाहरण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं. श्रीमंत देशांत त्यासाठी पॅप स्मिअर ही तपासणी करतात. तिला प्रयोगशाळा लागते, पेशी वाचणारे तज्ज्ञ लागतात. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये वेगळा मार्ग घेतला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं. गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगरच्या जातीचं सौम्य आम्ल लावायचं, थोडं थांबायचं आणि दिव्याच्या उजेडात पाहायचं. बिघडलेली जागा पांढरी पडते. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया या अभ्यासात होत्या. तपासणी झालेल्या वस्त्यांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

इथेही आकडा उलटून पाहावा. दर लाख स्त्रियांमागे वर्षाला सुमारे १६ मृत्यू होत होते, ते ११ झाले. लाखात पाच. वाडीवस्तीवर राहणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. पण देशभर ही तपासणी झाली तर वर्षाला २२ हजार मृत्यू टळतील, असा संशोधकांचा अंदाज होता. ज्या वस्त्यांत तपासणी झाली नाही, तिथल्या स्त्रियांना फक्त आरोग्यशिक्षण मिळालं, यावरून नीतीचा वादही झाला. मला तो वाद महत्त्वाचा वाटतो. चिठ्ठीच्या दुसऱ्या बाजूलाही माणसंच असतात.

प्रतिकारशक्तीची खूण

आता नव्या औषधांकडे येऊ, कारण वर्तमानपत्रांत बातम्या असतात त्या यांच्याच.

आपल्या रक्तात टी पेशी नावाचे पहारेकरी असतात. शरीरातली प्रत्येक पेशी ते चाचपून बघतात आणि परकी वाटली तर मारतात. त्यांनी आपल्याच चांगल्या पेशी मारू नयेत म्हणून त्यांच्यावर एक ब्रेक असतो. कर्करोगाच्या काही पेशी नेमका तो ब्रेक दाबून ठेवतात आणि पहाऱ्यातून निसटतात. ब्रेकवरचा हा पाय काढणारी औषधं ज्या शोधांमुळे आली, त्यांबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. निवोलुमॅब हे त्यातलं एक औषध. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात रोग हाताबाहेर गेल्यावरही ते काहींना उपयोगी पडतं. पण पूर्ण डोसाचा खर्च महिन्याला लाखांत जातो, आणि भारतात ज्यांना गरज आहे त्यांच्यातले फार थोडे तो करू शकतात.

डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी विचारलं: एवढा डोस लागतो का? औषध ज्या ठिकाणी जाऊन बसतं, त्या जागा थोड्या औषधानेही भरून जातात, असं आधीच्या अभ्यासांतून दिसत होतं. मग जास्तीचं औषध जातं कुठे? नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिला, तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला. १५१ रुग्णांच्या या अभ्यासात नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी एक वर्षानंतर १६.३ टक्के हयात होते. गोळ्यांबरोबर हा छोटा डोस घेणाऱ्यांपैकी ४३.४ टक्के.

हे आकडे वाचताना भुलून जाऊ नये. ही सगळी पुढच्या टप्प्यातली, बरी होण्याची आशा फारशी नसलेली माणसं होती. त्यांचं सरासरी आयुष्य काही महिन्यांनी वाढलं, रोग मुळापासून गेला नाही. पण दादाच्या शेवटच्या वर्षातले काही महिने कोणी वाढवून दिले असते, तर त्याने धाकट्या मुलीचं लग्न पाहिलं असतं. महिन्यांची किंमत ज्याची त्याला ठाऊक.

त्याही पुढची पायरी म्हणजे कार-टी उपचार. इथे रुग्णाच्या रक्तातून टी पेशी बाहेर काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात नवं जनुक घालतात, प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवतात आणि त्या परत शरीरात सोडतात. नव्या जनुकामुळे पेशीला जणू शत्रूचा फोटो मिळतो. रक्ताच्या काही कर्करोगांत पेशींवर सीडी-१९ नावाची खूण असते, ती पाहून या टी पेशी त्यांना गाठतात. २०१२ साली फिलाडेल्फियात सहा वर्षांच्या एमिली व्हाइटहेडला हा उपचार मिळाला. ती उपचारातल्या भयंकर तापातून जेमतेम वाचली आणि तिचा रक्ताचा कर्करोग गेला. २०१७ मध्ये अमेरिकेत या उपचाराला परवानगी मिळाली, तेव्हा त्याची किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर.

पवईच्या आयआयटीतले प्रा. राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी याच धर्तीवर देशी उपचार उभा केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला भारतात परवानगी मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचं लोकार्पण झालं. ६४ रुग्णांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्यावरचा परिणाम मोजता आला, त्यांच्यातल्या सुमारे ७३ टक्क्यांना उपयोग झाला. किंमत परदेशी उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी. तरीही ती लाखांतच आहे आणि मागावर काम करणाऱ्याच्या आवाक्यात नाही. शिवाय हा उपचार काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगांसाठी आहे. जिभेच्या किंवा स्तनाच्या गाठीवर तो अजून चालत नाही. कोणी 'आता कर्करोगावर रामबाण आला' म्हणून फोनवर पाठवलं, तर हे लक्षात ठेवावं.

नव्या उपचाराची बातमी आली, की मी आता एवढंच पाहतो. त्याची तुलना कशाशी केली? शंभरांतले किती जण जास्त जगले? आणि तो सोलापूरच्या रुग्णापर्यंत पोहोचेल का? पुष्कळ बातम्यांत पहिल्या प्रश्नाचंही उत्तर नसतं.

बॅटरीचा उजेड

एक अभ्यास मुद्दाम शेवटी ठेवला. केरळात तिरुवनंतपुरमजवळ आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन माणसांची तोंडं उजेडात तपासली. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. २००५ साली, म्हणजे आम्ही त्या केबिनमध्ये बसण्याच्या आदल्याच वर्षी, हे निष्कर्ष छापून आले होते. दादाचा व्रण आम्हाला 'दात लागला असेल' म्हणून चार महिने दिसतच नव्हता.

दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, गालाच्या आत किंवा जिभेवर पांढरा वा लाल चट्टा, तोंड पूर्वीसारखं न उघडणं, तिखट अचानक सहन न होणं, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांकडे जावं. हे पाहायला मोबाइलची बॅटरी पुरते.

गेल्या भाऊबीजेला वहिनीकडे गेलो होतो. दादाचा मुलगाही तंबाखू खायला लागला होता. फराळ झाल्यावर मी त्याला खिडकीशी बसवलं आणि तोंड उघडायला लावलं. उजव्या गालात पांढरट चट्टा होता. वहिनी काही बोलली नाही, फक्त ताटं उचलता उचलता थांबली. दुसऱ्या आठवड्यात बायॉप्सी झाली. कर्करोग नव्हता, पण डॉक्टरांनी सांगितलं, की तंबाखू चालू राहिली तर पुढे होऊ शकतो.

त्या संध्याकाळी वहिनीने मला अठरा वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं. "भाऊजी, तेव्हाच मानेचं केलं असतं, तर हे राहिले असते का?"

मी तिला आठांतल्या एकाचा हिशेब सांगितला. जमेल तसा, सोप्या भाषेत. तिने तो शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाली, "म्हणजे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं."

"नाही," मी म्हटलं. "ते तेव्हा शोधत होते."

पुतण्याने तंबाखू सोडून आता दहा महिने झाले. दर तीन महिन्यांनी मी त्याच्या तोंडात बॅटरी मारून बघतो. तो चिडतो, पण तोंड उघडतो.